मध्य प्रदेशाचे म्हणणे काय? मुख्यमंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
मा. डॉ. मोहन यादव,
मुख्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ.



आपण राज्याचे मुख्यमंत्री आहात, गृहखाते आपण स्वतःकडे ठेवले आहे आणि इंदूर जिल्ह्याचे प्रभारी मंत्रीही आपणच आहात. हे पत्र ज्या विषयावर आहे तो या तिन्ही जबाबदाऱ्यांत येतो, म्हणून मधल्या कुणाला न लिहिता थेट आपल्याला लिहितो आहे. पत्र मराठीत आहे, कारण ज्या घरांचे दुखणे मी जवळून पाहिले ती इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतली मराठी घरे आहेत आणि तिथे ही गोष्ट अजून दबक्या आवाजात बोलली जाते. आपण उज्जैनचे. मराठी शेजार आपल्याला नवा नाही.

विषय आहे फोनवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांचा. कुणी त्याला फँटसी म्हणते, कुणी रमी, कुणी नुसते ‘आयडी’.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत विधेयक मंजूर झाले आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वर्षानुवर्षे चाललेला वाद त्या कायद्याने बाजूला ठेवला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ चालवणे गुन्हा झाला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सरकारने तेव्हा सांगितले की देशातले सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी २० हजार कोटींच्या आसपास रक्कम गमावतात. हा कायदा मला मान्य आहे. तो आला तेव्हा मनापासून बरे वाटले.

पण तेव्हापासून जो भेटतो तो म्हणतो, दिल्लीने काम केले, आता विषय मिटला. मला तसे वाटत नाही. मध्य प्रदेशापुरता तर विषय अजून सुरूच झालेला नाही, कारण आपल्या लोकांनी पैसे लावून खेळावे की खेळू नये, याबद्दल या राज्याने ऑनलाइन युगात स्वतःचे म्हणणे कायद्याच्या पुस्तकात कधी लिहिलेच नाही.

जुगार आणि पैज हा राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय आहे. सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीची ३४ वी नोंद. प्रत्येक राज्याने आपल्या माणसांकडे पाहून ठरवायचे. इतरांनी ते ठरवलेही. सिक्कीमने २००८ मध्येच परवाने देण्याचा कायदा केला, पुढे २०१५ मध्ये तो राज्याच्या हद्दीपुरता आवळला. नागालँडने कौशल्याच्या खेळांसाठी परवान्याची पद्धत आणली. तेलंगणाने २०१७ मध्ये पैशांवरची ऑनलाइन रमीसुद्धा बंद केली, आंध्राने २०२० मध्ये तोच मार्ग धरला. कर्नाटकाने २०२१ मध्ये बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी ती उच्च न्यायालयात पडली.

तामिळनाडूची हकीकत मला सगळ्यांत बोलकी वाटते. त्यांचा २०२१ चा कायदा मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केला. त्यांनी निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली आणि २०२२ मध्ये नवा कायदा केला. न्यायालयाने त्यातूनही रमी आणि पोकरवरची सरसकट बंदी काढून टाकली. मग उरलेल्या कायद्याच्या आधारावर त्यांनी नियम केला की रात्री बारा ते पहाटे पाच पैशांचे ऑनलाइन खेळ बंद राहतील. जून २०२५ मध्ये तो नियम न्यायालयात टिकला. रात्रीचे हे पाच तास कुणाला क्षुल्लक वाटतील. माझ्यासारख्या बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ते वाटणार नाहीत. का, ते पुढे सांगतो.

या साऱ्यांतले काही निर्णय मला पटतात, काही पटत नाहीत. पण प्रत्येक ठिकाणी विधानसभेत कुणीतरी उभे राहिले, बोलले, न्यायालयात हरले आणि पुन्हा बोलले. छत्तीसगड तर १ नोव्हेंबर २००० पर्यंत आपल्याच राज्याचा भाग होता. भिलाईच्या माणसांनी उभ्या केलेल्या ‘महादेव’ सट्टा ॲपने ते राज्य हादरले, आणि त्यांनी जुगार प्रतिबंधाचा २०२२ चा स्वतंत्र कायदा करून त्यात ऑनलाइन जुगाराला जागा केली. तोच जुना कायदा वारशात मिळालेल्या दोन राज्यांपैकी एकाने तो बदलला.

आपल्याकडे राहिला १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा. इंग्रजांनी आपल्या ताब्यातल्या काही प्रांतांसाठी तो केला, तेव्हा इंदूर होळकरांचे होते आणि तो इथे लागूही नव्हता. मूळ कायद्यात जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि अड्ड्यावर सापडणाऱ्याला १०० रुपयांपर्यंत दंड किंवा महिनाभर कैद होती. राज्याने त्यात वेळोवेळी दुरुस्त्या केल्या, आकड्यांच्या सट्ट्यासाठी कलम ४-क घातले. पण कायद्याची कल्पना तीच राहिली: एक घर किंवा भिंतीने वेढलेली जागा, तिथे पत्ते आणि फासे, वॉरंट घेऊन धाड घालणारा अधिकारी. रस्त्यावर खेळणाऱ्यांसाठी वेगळे कलम आहे, त्यात पशुपक्ष्यांच्या झुंजी लावणारेही येतात. सुदामानगरच्या दुसऱ्या मजल्यावर, पांघरुणाखाली, कानात इयरफोन घालून खेळणारा मुलगा या कायद्याच्या कोणत्या कलमात येतो? आणि येत असला तरी कलम १२ पुढे उभे असते: केवळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही. फँटसी क्रिकेट कौशल्याचा खेळ आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये म्हटलेच होते.

परिणाम काय झाला ते सांगतो. पैशांच्या स्पर्धा चालवणाऱ्या ॲपवर खाते उघडताना राज्य विचारले जाई. आंध्र, तेलंगण, आसाम, ओडिशा, नागालँड, सिक्कीम इथल्या लोकांना पैसे लावून भाग घेता येणार नाही, असे बारीक अक्षरांत लिहिलेले असे. आमच्या नात्यातला एक मुलगा हैदराबादला नोकरीला होता. तिथे असताना त्याला रोखीच्या स्पर्धेत शिरता येत नसे. दिवाळीला इंदूरला आला की येई. माणूस तोच, फोन तोच, खात्यातला पगारही तोच. हैदराबादेत त्याच्या आड एक कायदा उभा होता आणि आई-वडिलांच्या घरी आल्यावर नव्हता. मध्य प्रदेशाने या पैजेला ‘खेळ’ म्हणून परवानगी दिली होती का? कागदावर नव्हती. पण ज्या यादीत आपले नाव नाही त्या यादीबाहेर सगळे खुले, असाच अर्थ कंपन्यांनी घेतला. राज्य गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचाच नियम झाला.

आता ते बँकेचे. आमच्या गल्लीतल्या एक ताई एके दिवशी मुलाच्या खात्याचे स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा बी.कॉम. झालेला, भंवरकुव्याला एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. “काका, पैसे गेले एवढेच मला यातले कळते,” त्या म्हणाल्या. मी बसून ओळ न् ओळ पाहिली. सुरुवातीच्या पानांवर ४९ रुपये, ९९ रुपये, पुन्हा ४९. आठवड्यात दोन-तीनदा, संध्याकाळी सामन्याच्या वेळी. मग रकमा ५०० वर गेल्या आणि वेळ सरकत सरकत रात्रीवर आली. शेवटच्या पानांवर बहुतेक नोंदी रात्री साडेबारा ते साडेतीनच्या होत्या, एकामागून एक, मध्ये चार-पाच मिनिटांचे अंतर. जिंकल्याच्या नोंदीही होत्या. एका रात्री १,१५० रुपये जमा झाले होते आणि पुढच्या दोन ओळींत ते निघून गेले होते, वर आणखी पाचशे घेऊन. मग एका ओळीत आठ हजार जमा. पाठवणाऱ्याचे नाव कर्ज देणाऱ्या एका ॲपचे. ते आठ हजार त्या रात्रीच संपले. त्यानंतर दर आठवड्याला एक नवे कर्ज, जुन्याचा हप्ता भरायला.

मी आयुष्यभर लोकांची पासबुके पाहिली. दारूचा पैसा पासबुकात दिसत नाही, तो खिशातून जातो. हा दिसत होता, वेळेसकट. म्हणून तामिळनाडूचे ते पाच तास मला क्षुल्लक वाटत नाहीत. त्या मुलाचे तीन-चतुर्थांश नुकसान त्याच तासांत झाले होते.

ताईंनी विचारले, तक्रार कुठे करायची? मी कायदा चाळला, ओळखीच्या वकिलांना विचारले. त्या काळी आपल्या राज्यात त्या कंपनीने कोणताही गुन्हा केलेला नव्हता. मुलानेही केलेला नव्हता. सारे काही नियमाप्रमाणे झाले होते. हे त्या माउलीला समजावून सांगण्याइतके कठीण काम मी नोकरीत कधी केले नाही.

आपल्या आधीच्या सरकारला हा विषय ठाऊक नव्हता असे मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये छतरपूरला, आणि जानेवारी २०२२ मध्ये भोपाळला, मोबाइलवरच्या खेळांच्या आहारी गेलेल्या शाळकरी मुलांनी जीव दिला. भोपाळच्या घटनेनंतर तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्र यांनी ऑनलाइन खेळांवर नियंत्रणासाठी राज्य कायदा आणेल असे जाहीर केले. त्याच वर्षी जबलपूरच्या उच्च न्यायालयासमोर एक जामीन अर्ज आला. नातवाने आजोबांच्या खात्यातून साडेआठ लाख रुपये काढून आयपीएलच्या ऑनलाइन सट्ट्यात घालवल्याचा तो मामला होता. ते प्रकरण ऐकताना न्यायालयाने राज्य सरकारला विचारले की ऑनलाइन जुगाराचे नियमन तुम्ही कसे आणि केव्हा करणार. म्हणजे घोषणा झाली होती, न्यायालयाने हटकले होते. तरी केंद्राचा कायदा येईपर्यंत राज्याचा कायदा काही आला नाही.

एका बाबतीत मात्र राज्य हलले. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांत भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, आणि इतर राज्यांप्रमाणे मध्य प्रदेशानेही आपल्या जीएसटी कायद्यात तशी दुरुस्ती केली. म्हणजे हा व्यवहार या राज्यात होतो हे सरकारला मान्य होते. त्यातला आपला वाटा घ्यायला व्याख्या सापडली. ताईंच्या मुलाने भरलेल्या रकमांतून कराचा काही भाग आपल्या तिजोरीतही आला असेल. हे मी रागाने लिहीत नाही. कर घ्यायला जी तयारी दिसली ती माणसे सांभाळायला दिसावी, एवढेच मागतो आहे.

कुणी म्हणेल, कंपनी बाहेरची, सर्व्हर बाहेरचा, एकटे राज्य काय करणार? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच दिले आहे आणि ते मराठी मुलखातल्या खटल्यात दिले आहे. त्या काळी बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे वेड होते. आर. एम. डी. चमारबागवाला यांचे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक बंगळूरला, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात छापले जाई. पण मुंबई राज्यात ते घरोघर जाई, कूपने आणि प्रवेश फी इथे गोळा होई. मुंबई सरकारचा १९४८ चा कायदा आधी राज्यात छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांपुरता होता. १९५२ मध्ये सरकारने तो बाहेर छापल्या जाणाऱ्यांनाही लावला. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. सरन्यायाधीश एस. आर. दास यांच्या पीठाने सांगितले की स्पर्धा चालवणारा बाहेर असला तरी खेळणारे आणि त्यांचे पैसे या राज्यातले आहेत, तेवढा संबंध राज्याला नियम करायला पुरेसा आहे. आणि जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. शब्दकोड्याच्या कूपनाच्या जागी आज क्यूआर कोड आला आहे. बाकी काय बदलले?

त्याच मुंबई इलाख्यातले आणखी एक उदाहरण त्याहून जुने आहे. तिथे व्यापारी पावसावर पैजा लावत. जुगाराच्या १८८७ च्या कायद्यात तो सट्टा बसत नाही असे न्यायालयात ठरले, तेव्हा १८९० मध्ये दुरुस्ती होऊन पावसाचा सट्टाही कायद्यात आला. इंग्रज सरकारला माणसांची फार काळजी होती असे नाही. पण कायद्याला भोक आहे हे कळल्यावर ते बुजवायला त्यांना फार वेळ लागला नाही.

गोव्याचेही पाहावे. तिथे १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये मांडवीतल्या बोटींना परवानगी मिळाली. पण १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांनाच कॅसिनोत खेळायला मनाई आहे. आत जायचे ते पर्यटकांनी. इंदूरहून सुट्टीला जाणाऱ्या माणसाला तिथे दार उघडे आहे, म्हापशाच्या माणसाला बंद. मला ही व्यवस्था आवडत नाही. परक्याचे घर मोडले तर चालेल, हे म्हणणे कुठल्याही सरकारला शोभत नाही. तरी त्यात एक गोष्ट आहे: गोव्याच्या सरकारने आपल्या रहिवाशांकडे रहिवासी म्हणून पाहिले. आमच्याकडे तसे पाहणे हे भोपाळचे काम होते.

आता केंद्राच्या कायद्याकडे परत येतो, कारण खरी चिंता तिथे आहे.

पहिली गोष्ट, त्या कायद्याला आव्हान मिळाले आहे. जुगार राज्यांचा विषय असताना संसदेला असा कायदा करता येतो का, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांत याचिका गेल्या तशी एक आपल्या मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयातही गेली. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. समजा, उद्या न्यायालय म्हणाले की हे काम राज्यांचे होते. मग तेलंगणाकडे स्वतःचा कायदा आहे, तामिळनाडूकडे आहे, छत्तीसगडकडे आहे. आपण त्या सकाळी पुन्हा १८६७ मध्ये जागे होऊ. ती वेळ येण्याची वाट पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट, बंद झाले ते उघडपणे कर भरणाऱ्या, जाहिराती करणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे पैशांचे खेळ. गल्लीतला खाईवाल, म्हणजे सट्टा घेणारा, बंद झालेला नाही. इंदूरला सट्टा नवा नाही. अफू आणि कापसाच्या तेजी-मंदीवर या शहरात मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या, आणि अलीकडच्या काळात शेअर बाजाराबाहेर चालणाऱ्या ‘डब्बा’ सौद्यांनी या शहराचे नाव खराब केले. आता ‘आयडी’ चालते. व्हॉट्सॲपवर एक नंबर मिळतो. दिलेल्या क्यूआर कोडवर हजार रुपये टाकले की आयडी आणि पासवर्ड येतो, खात्यात पॉइंट दिसतात. जिंकलात तर पैसे परत येतात, सुरुवातीला अगदी चोख येतात. हरलात तर उधारीही मिळते, आणि तिथून वसुली सुरू होते. ज्या खात्यावर हे पैसे जातात ते सट्टेवाल्याचे नसतेच. ते असते एखाद्या विद्यार्थ्याचे, रिक्षावाल्याचे, घरकाम करणाऱ्या बाईचे. महिन्याला काही हजार घेऊन पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती दिलेले. भाड्याने दिलेले खाते ओळखायला बँकेतल्या माणसाला फार वेळ लागत नाही. ज्या खात्यात वर्षभर दोन-चार हजार फिरत होते त्यात एका दिवसात लाखाची ये-जा होते आणि रात्री शिल्लक शून्य.

आयपीएलच्या दिवसांत आपले पोलीस फ्लॅटवर धाड घालतात, लॅपटॉप आणि मोबाइल जप्त करतात, पाच-सहा पोरे पकडतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तोंडे झाकलेल्या पोरांचा फोटो येतो. ती पोरे पगारी असतात. आयडी वाटणारे पॅनेल दुसऱ्या शहरात असते, त्याच्या वरचे दुसऱ्या देशात. महादेवच्या तपासात हीच साखळी उघड झाली: दुबईतून शाखा वाटायच्या आणि शाखांनी खाली गिऱ्हाइके गोळा करायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या बेकायदा सट्टेबाजीला एक ते सात वर्षांची शिक्षा आहे. हत्यार आहे. ते पगारी पोरांवरच थांबू नये. कायदा दिल्लीचा असला तरी ठाण्यात गुन्हा लिहून घेणारा हवालदार आपल्या गृहखात्याचा आहे, आणि त्याला यातला पैशांचा माग कसा काढायचा हे कुणीतरी शिकवावे लागेल.

तिसरी गोष्ट त्या घरांची. केंद्राच्या कायद्याने खेळणाऱ्याला गुन्हेगार मानले नाही, हे फार चांगले केले. आपल्या राज्याच्या कायद्यातही ते तसेच हवे. पण गुन्हेगार न मानणे आणि मदत करणे यांत मोठे अंतर आहे. पैसे गेल्यावर १९३० वर सायबर तक्रार करता येते, मन सैरभैर झाल्यास टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. किती घरांना ते ठाऊक आहेत? बाणगंगेचे मानसिक रुग्णालय आणि एम. वाय. हॉस्पिटलचा मनोविकार विभाग इंदुरात आहेत. तिथे जुगाराच्या व्यसनासाठी ठरलेला एक दिवस, एक खिडकी असावी. बोर्डावर त्याचे नाव स्वच्छ लिहिलेले असावे, म्हणजे मुलाला घेऊन कुठे जायचे ते आईला कुणाला विचारत बसावे लागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन आहे. आमच्याकडे ते अजून ‘पोरगे बिघडले’ एवढ्यावरच संपते.

आपल्याला निर्णय घेता येतात हे आम्ही पाहिले आहे. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर अशा धर्मस्थळांत आपण दारूची दुकाने बंद केली, उत्पन्न बुडेल हे ठाऊक असून. २० मे २०२५ ला अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त मंत्रिमंडळाची बैठक आपण आमच्या राजवाड्यात घेतली. अहिल्यादेवींच्या नावाने जे राज्य चालते त्याने आपल्या घरांचे रक्षण दुसऱ्या कुणावर सोडू नये, असे मला वाटते.

माझे मागणे नेमके आहे. राज्याचा स्वतंत्र कायदा यावा, आणि तो अध्यादेशाने रातोरात येऊ नये. विधानसभेत त्यावर चर्चा व्हावी, प्रत्येक आमदाराचे म्हणणे नोंदले जावे. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नसावी, मात्र आयडी विकणारा, खाते भाड्याने घेणारा आणि उधारीवर सट्टा लावून वसुलीला माणसे पाठवणारा, या तिघांची व्याख्या आणि शिक्षा स्पष्ट असावी. बँकांकडून संशयित खात्यांची माहिती जिल्ह्याच्या सायबर शाखेपर्यंत किती तासांत पोहोचावी हे ठरलेले असावे. केंद्राचा कायदा टिकला तर हा त्याला पूरक राहील. न टिकला तर आपली घरे उघडी पडणार नाहीत. आणि ऑनलाइन सट्ट्याच्या कर्जामुळे झालेल्या आत्महत्यांची वेगळी नोंद पोलीस ठाण्यांनी ठेवावी व ती दरवर्षी सभागृहात मांडावी. आज अशा मृत्यूच्या पंचनाम्यात ‘घरगुती कारण’ किंवा ‘कर्जबाजारीपणा’ एवढेच लिहिले गेले तर कर्ज कशाचे होते ते कधीच कळत नाही.

विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला तर तो मराठीत आणून इंदूर, देवास, धार, बऱ्हाणपूर इथल्या मराठी संस्थांपर्यंत पोहोचवण्याचे काम मी आणि माझे निवृत्त सहकारी करू. खात्यांच्या व्यवहारातून सट्ट्याचा पैसा कसा ओळखायचा हे आपल्या ठाणेदारांना समजावून सांगायलाही आम्ही तयार आहोत. आपल्या कार्यालयातून निरोप आला की आम्ही येऊ.

आपला नम्र,
इंदूरचा एक निवृत्त बँक कर्मचारी